डॅक, घर आणि कान : प्रस्तावना

आज धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीत कोणीही गाणे लावले, तरी ते कानापर्यंत पोचण्याआधी एका डॅकमधून जाते. पहाटे मोबाइलवर लागलेला अभंग, टीव्हीवरचे कीर्तन, ट्रॅक्टरवरचा पेनड्राइव्ह, लग्नघरातला ब्लूटूथ स्पीकर, या प्रत्येकात साठवलेल्या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारा एक बारीक भाग असतो. त्याचे पूर्ण नाव डिजिटल-टू-अॅनालॉग कन्व्हर्टर, बोलण्यात डॅक. ही लहर पुढे अॅम्प्लिफायरकडे जाते, तिथून स्पीकरकडे, आणि स्पीकरचा पडदा हवा हलवतो.

हा भाग फोनच्या पोटात असतो, तसाच स्वतंत्र पेटीच्या रूपातही विकत मिळतो. हजार-दोन हजारांच्या बोटाएवढ्या डोंगलपासून काही लाखांच्या यंत्रापर्यंत त्याचा बाजार पसरलेला आहे. घरी नीट ऐकावे असे वाटणारा माणूस लवकरच एका प्रश्नापाशी येतो : माझा डॅक बदलला तर गाणे अधिक चांगले ऐकू येईल का? हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : डॅकची तुलना ही मुळात ऐकण्याची शिस्त आहे. ती अंगी बाणली की कोणत्या बदलासाठी पैसे घालायचे आणि कोणता बदल सोडून द्यायचा, हे ज्याचे त्याला कळू लागते. ती शिकायला पुण्या-मुंबईच्या शोरूमची गरज नाही. बेंबळीतल्या एका खोलीत ती पूर्णपणे शिकता येते.

कानाने ऐकायचे आणि मोजून पाहायचे, ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची कंपने मोजण्याचा ध्यास घेतला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मिरजेत स्थायिक झालेले गायक अब्दुल करीम खाँ या कामात आपल्या गळ्यासह सामील झाले. ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने त्या हिशेबाने खास हार्मोनियम करवून घेतली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे कडाक्याचे वाद झाले आणि संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ते मानले नाहीत. तरीही गायकाचा कान आणि तार मोजणारी पट्टी यांनी समोरासमोर बसून एकमेकांना तपासावे, ही रीत त्या मंडळींनी आपल्याकडे घालून दिली.

त्यानंतरच्या दशकात कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी आपली वाद्ये प्रयोगशाळेत नेली. मृदंग-तबल्याच्या पुडीवरची शाई तिची कंपने सुरेल पटींत आणून बसवते, हे त्यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. पुढच्या वर्षी त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली असता काही उपस्वर उमटू नयेत असे जुना नियम सांगतो, तेच उपस्वर तंबोऱ्यात ठसठशीत ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. घोडी घासून जवारी लावणाऱ्या मिरजेच्या कारागिराला ही गोष्ट हाताने ठाऊक होती. रामन यांनी तिचे कारण शोधले. डॅकचा अभ्यास याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे, म्हणून तो आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

आता यंत्राकडे वळू. लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजत गेले की आकड्यांची रांग तयार होते. त्या आकड्यांपासून मूळ लहर परत मिळते का, याचे गणित हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्लादिमिर कोटेलनिकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांनी उलगडले. लहरीतल्या सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर ती लहर जशीच्या तशी पुन्हा बांधता येते. दोन नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो, ही समजूत सर्रास आढळते आणि ती चुकीची आहे. त्या मर्यादेत राहून सगळ्या नमुन्यांमधून जाऊ शकणारी लहर एकच असते, आणि डॅकमधला फिल्टर तीच शोधून देतो.

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून आखलेली सीडी १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, असे तिचे माप ठरले. हा विचित्र वाटणारा आकडा व्हिडिओ टेपमधून आला. तेव्हा डिजिटल ध्वनी व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत असत. चित्राच्या दर ओळीत ३ नमुने, कामाच्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. तरुण, निरोगी कान सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणजे दुपटीची अट पाळून वर थोडी जागा उरते. १६ बिटमुळे ६५,५३६ पायऱ्या मिळतात आणि सर्वांत मोठा आवाज व तळाचा गोंगाट यांत सुमारे ९८ डेसिबलचे अंतर राहते.

त्या पहिल्या दिवसांत डॅक हा साखळीतला खरोखरच कच्चा दुवा होता. सोनीच्या पहिल्या प्लेयरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक होता. तो आळीपाळीने डाव्या-उजव्याकडे वळे आणि त्यामुळे दोन बाजूंत सुमारे ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. फिलिप्सकडे १४ बिटचीच चिप तयार होती. त्यांनी नमुन्यांचा वेग चौपट करून, गोंगाट वरच्या, न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ढकलून तिच्याकडून जवळजवळ १६ बिटचे काम करून घेतले. ही युक्ती पुढच्या सगळ्या प्रगतीची नांदी ठरली.

डॅकची आज दोन मुख्य कुळे आहेत. पहिल्यात रेझिस्टरांची शिडी असते. प्रत्येक बिट आपल्या वजनाइतका विद्युतप्रवाह त्यात घालतो. इथे सर्वांत मोठ्या बिटचा रेझिस्टर थोडा जरी चुकला तरी ती चूक सर्वांत लहान बिटांना गिळून टाकते, म्हणून चांगली शिडी बनवणे महाग पडते. दुसऱ्या कुळाला डेल्टा-सिग्मा म्हणतात. त्याची बीजे जपानी अभियंते इनोसे आणि यासुदा यांच्या १९६२ च्या कामात आहेत. त्यात थोड्याच पायऱ्या, पण प्रचंड वेग वापरतात आणि चुकीची भरपाई पुढच्या क्षणी करत राहतात. आपल्या फोनमधला आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक डॅक याच कुळातला आहे.

२४ बिटचा आकडा पाहून पुष्कळांना भुरळ पडते, म्हणून एक हिशेब इथेच मांडतो. पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देणाऱ्या डॅकमध्ये १६ बिटची एक पायरी सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची असते. २४ बिटची पायरी एका मायक्रोव्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी येते. साध्या एक किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये केवळ खोलीच्या उष्णतेमुळे, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे ०.६ मायक्रोव्होल्टचा गोंगाट असतो. म्हणजे शेवटचे काही बिट निसर्गाच्या गोंगाटाखालीच राहतात. जगातले उत्तम डॅकही २० ते २१ बिटांच्या आसपास थांबतात. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करताना २४ बिट फार उपयोगी पडतात, कारण तिथे पातळीत चुकायला जागा लागते. घरी ऐकताना मात्र १६ बिट नीट वाजवणारा डॅक असणे हेच मोठे काम आहे, आणि आज ते स्वस्त यंत्रेही करतात.

चिपच्या नावावरून डॅक निवडणाऱ्यांनी ऑक्टोबर २०२० ची एक घटना ध्यानात ठेवावी. जपानमधल्या नोबेओका इथे असाही कासेई समूहाच्या कारखान्याला आग लागली आणि त्या समूहातल्या एकेएम या कंपनीच्या लोकप्रिय डॅक-चिपांचा पुरवठा तुटला. अनेक उत्पादकांना आपल्या चालू यंत्रांत दुसऱ्या कंपनीची चिप बसवून ती नव्याने आखावी लागली. ज्यांची आखणी पक्की होती त्यांची यंत्रे चिप बदलूनही उत्तम मोजली गेली. वीजपुरवठा, नमुन्यांची वेळ राखणारे घड्याळ, फिल्टर आणि शेवटचा अॅनालॉग टप्पा हे सगळे मिळून डॅक बनतो. चिप हा त्यातला एक भाग आहे.

मग फरक ऐकू येतात का? या प्रश्नावर गंभीर काम झालेले आहे. मेयर आणि मोरान यांचा प्रयोग २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा टप्पा गुपचूप घातला आणि लोकांना तो ओळखायला सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्याइतकेच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये असे १८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले आणि प्रशिक्षण घेतलेल्या श्रोत्यांत ते ६० टक्क्यांच्या वर गेले. दोन्ही निष्कर्ष मी एकत्र वाचतो : फरक असलाच तर बारीक असतो, आणि तो पकडणारी गोष्ट म्हणजे शिकलेला कान. म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग कानाला शिकवण्यासाठी आहे.

तुलनेची पहिली अट आहे पातळी जुळवणे. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला अधिक स्वच्छ, अधिक भरदार वाटतो. तो मोठा आहे असे मात्र वाटत नाही. एक डॅक २ व्होल्ट देतो आणि डोंगल १ व्होल्ट देतो, म्हणजे त्यांत ६ डेसिबलचा फरक आधीच असतो. हा फरक न काढता केलेली तुलना कितीही मनापासून केली तरी निरुपयोगी ठरते. यावरचा उपाय गावातल्या कोणत्याही वायरमनकडे असतो : मल्टिमीटर. दोन्ही डॅकवर २०० हर्ट्झचा सलग सूर वाजवावा, स्पीकरच्या टोकांवरचा एसी व्होल्टेज मोजावा आणि दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत आणावेत. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलपेक्षाही कमी.

दुसरी अट, कोणता डॅक वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नसावे. घरातल्या कोणालाही पडद्याआड बसवून वायर बदलायला सांगावी. त्यानेही चेहऱ्याने किंवा शब्दाने खूण देऊ नये. तिसरी अट, बदल झटपट व्हावा, कारण आवाजाचे बारकावे स्मरणात काही सेकंदच टिकतात. चौथी अट, मोजून निकाल लावावा. १६ प्रयत्नांत १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली, तर ती केवळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात चारापेक्षा कमी असते. त्याखाली आले तर दोन्ही डॅक आपल्या कानाला, आपल्या खोलीत, सारखेच आहेत असे मानून पैसे दुसरीकडे वळवावेत. असा निकाल लागला तर हळहळू नये. त्याने खर्च वाचतो आणि खरा दोष शोधायची दिशा मिळते.

तुलनेसाठी काय वाजवावे, याबाबत बेंबळीच्या श्रोत्याकडे मोठे भांडवल आहे. तुळजापूर जवळ असल्याने गोंधळातले संबळ, तुणतुणे आणि चौंडके त्याने माइकशिवाय, हाताच्या अंतरावरून ऐकलेले असते. हरिपाठातला टाळ-पखवाजही त्याच्या कानात असतो. टाळांच्या आघातात वरच्या कंपनांची दाटी असते, म्हणून फिल्टरमधली आणि अॅनालॉग टप्प्यातली विकृती तिथे आधी जाणवू शकते. संबळाचा आघात पुरवठ्याची आणि अॅम्प्लिफायरची ताकद पाहतो. तंबोऱ्याची लांबत जाणारी आस शेवटी गोंगाटात कुठे विरते, हे ऐकले की तळाच्या गोंगाटाचा अंदाज येतो. एक सावधगिरी मात्र हवी : मुद्रणच कच्चे असेल तर त्याचा दोष डॅकवर जाता कामा नये. म्हणून प्रत्येक वाद्याची दोन-तीन वेगवेगळी मुद्रणे वापरावीत.

आता सुधारणा कुठून सुरू करावी ते पाहू. विहिरीवरची मोटर बदलून फाटलेल्या पाइपातले पाणी शेतात पोचत नाही. ध्वनीच्या साखळीतही गळती जिथे आहे तिथेच हात घालावा लागतो. आपल्या भागात पहिली गळती बहुतेकदा विजेची असते. व्होल्टेज २३० वरून खाली-वर होतो, शिवारातल्या मोटारी सुरू होताना दिवे मिणमिणतात आणि अनेक घरांत अर्थिंग नावापुरते असते. स्पीकरमधून ५० किंवा १०० हर्ट्झची घूं ऐकू येत असेल, तर बहुधा दोन यंत्रांच्या जमिनीच्या तारांत फेरा पडलेला असतो. महागडा डॅक तो घालवेलच असे नाही. आधी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. सुरक्षेची पिन काढून घूं बंद करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, त्यात जीव जाऊ शकतो. अर्थिंग ठीक असूनही घूं राहिली तर ऑप्टिकल वायर वापरावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे फेरा तुटतो. ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक घेणे ही इथे खऱ्या अर्थाने सुधारणा ठरते.

दुसरी गळती खोलीची. जुनी घरे माळवदाची, दगड-मातीची होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या अशा घरांनी हजारोंचे प्राण घेतले, आणि त्यानंतर पत्रा, विटा, सिमेंट आणि स्लॅब यांकडे लोक वळले ते योग्यच झाले. पण सिमेंटच्या उघड्या भिंती आवाज शोषत नाहीत, हे ऐकणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवे. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची रिकामी खोली घेतली तर तिचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर होते. निनादाचा काळ काढणाऱ्या सॅबाइनच्या सूत्राने तिच्यातला निनाद अडीच ते तीन सेकंदांचा येतो. त्यात गाण्याचे शब्द एकमेकांवर चढतात. त्याच खोलीत वाकळी, गाद्या, जाड पडदे आणि सतरंज्या मिळून सुमारे १० चौरस मीटर मऊ पृष्ठभाग आणला, तर मधल्या आणि वरच्या स्वरांत निनाद पाऊण सेकंदाच्या आत येतो. रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६-५७ हर्ट्झपाशी खर्जाचे दोन अनुनाद एकावर एक पडतात, ते स्पीकर भिंतीपासून सरकवून आणि बसण्याची जागा बदलून बरेच आटोक्यात येतात. खोलीतले हे फरक दहा-दहा डेसिबलचे असतात. दोन निर्दोष डॅकमधला फरक डेसिबलच्या लहानशा अंशात मोजावा लागतो.

तिसरा क्रम स्पीकर किंवा हेडफोनचा आणि चौथा मुद्रणाच्या दर्जाचा. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथचा नेहमीचा प्रवाह त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहतो. वायरने जोडणे ही फुकटची सुधारणा आहे. या सगळ्यानंतर डॅकची पाळी येते, आणि तेव्हा तो बदलण्याची रास्त कारणे असतात : फोनच्या जॅकमधून खरखर येते, लॅपटॉपच्या यूएसबीतून माउस हलवताना कुजबुज ऐकू येते, आवाजाची पातळी अॅम्प्लिफायरला पुरत नाही, किंवा हेडफोनला आवश्यक ताकद मिळत नाही. हेडफोनसाठी डॅकचा आउटपुट रोध हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा; ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. ही कारणे नसतील, तर जो आहे तोच डॅक ठेवून पैसे स्पीकरवर घालावेत.

जुन्या संगीतावर जीव असणाऱ्यांसाठी एक वेगळे प्रकरण ठेवले आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा इतिहास जपण्याचे मोठे काम केले. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व आज आपण फोनवर ऐकतो, त्यामागे अशा संग्राहकांचे श्रम आहेत. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या तबकडीचा तळाचा गोंगाट इतका मोठा असतो, की १६ बिटचा कोणताही डॅक तिला पुरून उरतो. तिथे फरक पडतो तो योग्य मापाची सुई, फिरण्याचा अचूक वेग आणि तबकडीची सफाई यांनी, म्हणजे आवाजाचे आकडे करताना. वेग थोडा चुकला तर गायकाची पट्टीच बदलते आणि पुढचा कोणताही डॅक ती मूळ जागी आणू शकत नाही. जुने गाणे चांगले ऐकायचे असेल तर त्याचे चांगले रूपांतर शोधावे.

पुस्तकाची मांडणी या क्रमानेच केली आहे : आधी ध्वनी आणि कान, मग आकडे आणि डॅक, मग तुलनेची रीत, मग घर आणि वीज, आणि शेवटी खरेदी. ज्यांना गणिताची भीती वाटते त्यांनी तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. मल्टिमीटर हातात घेतल्यावर पहिले दोन भाग आपोआप जवळचे वाटू लागतील. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना मी विशेष विनंती करतो, की आंधळ्या तुलनेचा प्रयोग त्यांनी वर्गात करावा. शक्यता, मापन आणि पूर्वग्रह हे तीन धडे त्यात एकत्र शिकवता येतात, आणि मुलांना आवडणारे गाणेच त्यासाठी साधन म्हणून पुरते.

या विषयाची दुसरी बाजू आपल्या हातात आहे. डॅक आकड्यांचा आवाज करतो, त्याच्या उलट काम करणारे यंत्र आज चांगल्या हँडी रेकॉर्डरमध्ये मिळते. आपल्या भागातले गोंधळी, भजनी मंडळे आणि ओव्या म्हणणाऱ्या बाया यांचा आवाज त्यांच्या संमतीने २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित करावा. माइक किती अंतरावर होता, खोली कशी होती, पातळी किती ठेवली, याची नोंद त्यासोबत करावी. ज्याने प्रत्यक्ष वाद्य ऐकले, त्याचे मुद्रण केले आणि ते आपल्याच डॅकमधून परत वाजवून पाहिले, त्याला तुलनेसाठी याहून विश्वासार्ह साहित्य कुठेही विकत मिळणार नाही. अशा नोंदी गावोगाव जमल्या तर घरगुती श्रवणाचा अभ्यास मराठीत स्वतःच्या पुराव्यावर उभा राहील. त्या कामात वाचकाचे मनापासून स्वागत आहे.

बेंबळी, जि. धाराशिव